माणूस उठून गेलेलीं स्टेशनें

औंढा नागनाथाहून वसमतेकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिरड शहापूर हें गांव लागतें. मल्लिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरामुळें मराठवाड्याबाहेरच्या भाविकांनाही तें ठाऊक आहे. गांवाला मोटारीचा चांगला रस्ता आहे, आगगाडीचें स्टेशन मात्र नाहीं. पूर्णा-अकोला हा लोहमार्ग गांवाच्या पूर्वेकडून कांहीं मैलांवरून जातो, आणि वसमत व हिंगोली या दोन मोठ्या स्टेशनांच्या दरम्यान त्यावर चोंढी, बोल्डा, नांदापूर अशीं लहान लहान स्टेशनें आहेत. शिरड शहापूरच्या माणसाला गाडी धरावयाची तर त्यानें चोंढी गांठावी, नाहीं तर सरळ वसमतेस जावें. या दुसऱ्या पर्यायाकडे लोकांचा कल कां झुकत गेला, आणि चोंढीसारख्या स्टेशनांचें आपल्या देशांत एकंदर काय झालें, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

आमच्याकडे रेल्वेचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा १८५३ सालच्या बोरीबंदर-ठाणें गाडीनें सुरू होतो आणि घाट, बोगदे, पूल व भांडवल यांच्या हकीकतींत संपतो. लहान स्टेशनाला त्यांत जागा नसते. त्यांतून ज्या स्टेशनावर रेल्वेचा एकही नोकर उरलेला नाहीं, त्याचा इतिहास तो काय असावयाचा, असें कोणीही विचारील. रेल्वेच्या परिभाषेंत अशा थांब्याला हॉल्ट म्हणतात. खेड्यांतील लोक त्याला अजून स्टेशनच म्हणतात, आणि तसें म्हणण्यांत त्यांची चूक आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

निजामाच्या राज्यांत आगगाडी आली ती १८७४ सालीं. मुंबई-मद्रास हमरस्त्यावरील वाडीपासून सिकंदराबादेपर्यंतचा तो मार्ग होता. तो पुढें वरंगळ व चांदा यांच्याकडे नेण्यासाठीं इंग्रजी भांडवल आणावें आणि त्या भांडवलावरील व्याजाची हमी राज्याच्या तिजोरीनें घ्यावी, अशी योजना पुढें निघाली. तेव्हां, म्हणजे १८८३ सालीं, हैदराबादेंतील कांहीं सुशिक्षित गृहस्थांनीं कराराच्या अटी प्रसिद्ध कराव्या अशी मागणी केली. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे त्यांत प्रमुख होते, आणि या अपराधाबद्दल त्यांना राज्याबाहेर घालविण्यांत आलें. हैदराबाद संस्थानांतील पहिल्या सार्वजनिक चळवळींत तिची गणना होते, आणि तिचा विषय आगगाडी हा होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. चळवळ मोडली, योजना राहिली. पुढें जी कंपनी निघाली तिच्या नांवांतच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता. भागीदारांच्या व्याजाची हमी होती. रयतेला कशाचीच हमी नव्हती.

मनमाडहून औरंगाबाद, परभणी, पूर्णा, नांदेड या बाजूनें हैदराबादेस जाणारा गोदावरी खोऱ्याचा मीटर गेज मार्ग १९०० च्या आगेंमागें पुरा झाला, आणि त्याला पूर्णेपाशीं फुटलेली हिंगोलीची शाखा १९१२ सालीं सुरू झाली. शाखेची लांबी सुमारें ५० मैल. हिंगोली हें हैदराबाद कंटिंजंट फौजेचें जुनें ठाणें. पण ही फौज १९०३ सालीं हिंदी सैन्यांत विलीन झाली व हिंगोलीची छावणी उठली. म्हणजे फौज गेल्यावर नऊ वर्षांनीं आगगाडी आली. ती कोणासाठीं आली, हें हिंगोलीच्या कापसाच्या पेठेकडे पाहिलें म्हणजे समजतें. परभणी-नांदेडकडील काळ्या जमिनींतला कापूस गठ्ठे बांधून मनमाडास न्यावयाचा, तेथें मीटर गेजच्या वाघिणींतून ब्रॉड गेजच्या वाघिणींत चढवावयाचा आणि मुंबईस पोहोंचवावयाचा, हा या मार्गाचा मुख्य व्यापार होता. माणसें त्याच गाडीनें जात, हा आनुषंगिक लाभ.

शाखा हिंगोलीला संपली, याचें कारण भूगोलांत सांपडत नाहीं. पलीकडे वाशीम आणि अकोला; अकोल्यास ब्रॉड गेज गाडी १८६७ च्या सुमारासच आली होती. पण वाशीम-अकोला म्हणजे वऱ्हाड, आणि १९०२ च्या करारानें वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्यानें गेलेला. निजामाची गाडी निजामाच्या सरहद्दीपाशीं थांबली. हिंगोली ते अकोला हें सुमारें ८० मैलांचें अंतर पुढें जवळजवळ अर्धें शतक रुळांवांचून राहिलें, आणि सरहद्दीवर करोडगिरीचे नाके राहिले. १९४७-४८ सालीं हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांत याच सरहद्दीपलीकडे वाशीम, उमरखेड येथें कार्यकर्त्यांचीं शिबिरें पडलीं आणि सबंध सीमाभागांत हे नाके जाळले गेले. स्टेशनाच्या नांवांत मात्र जुनी ओळख अजून टिकून आहे. पाटीवर आजही ‘हिंगोली डेक्कन’ असें लिहिलेलें असतें.

अशा शाखेवर चार-सहा मैलांच्या अंतरानें स्टेशनें बांधलीं गेलीं आणि प्रत्येक स्टेशनांत माणसें नेमलीं गेलीं. हीं माणसें नेमावीं लागलीं तीं मुख्यतः रुळांपायीं; प्रवाशाची सोय हा त्यामागचा दुय्यम हेतु होता. मार्ग एकेरी, आणि त्याच रुळांवरून गाड्या दोन्हीं दिशांनीं यावयाच्या. दोन गाड्या एकाच तुकड्यांत समोरासमोर येऊं नयेत म्हणून प्रत्येक गाडी सोडण्यापूर्वीं पुढच्या स्टेशनाशीं तारेनें बोलून ‘लाइन क्लिअर’ मागावी लागे. पुढें अशा मार्गांवर टोकनचीं यंत्रें आलीं. शेजारच्या दोन स्टेशनांतील यंत्रें विजेच्या तारेनें अशीं जोडलेलीं असत कीं एकांतून लोखंडी गोळा बाहेर काढला म्हणजे तो पुन्हां यंत्रांत पडेपर्यंत कोणत्याच बाजूनें दुसरा गोळा निघूं नये. गोळा ज्या गाडीच्या हातीं, तो तुकडा त्या गाडीचा. हा गोळा पिशवींत घालीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवीत, आणि पोर्टर फलाटाच्या टोकाशीं तें कडें उंच धरून उभा राही. गाडी थांबावयाची नसली तर धांवत्या इंजिनावरील माणूस हात बाहेर काढून तें उचलून घेई आणि मागच्या तुकड्याचें कडें फलाटावर फेकून देई. रात्र असो, पाऊस असो, हें चुकविण्याची सोय नव्हती. सांध्याला सांधेवाला हवा, सिग्नलच्या दिव्यांत तेल घालावयास माणूस हवा, आणि या सर्वांवर लक्ष ठेवावयास मास्तर हवा. दिवसांतून दोन प्रवासी उतरोत कीं वीस उतरोत, एवढीं माणसें स्टेशनांत असणें भाग होतें.

यांतून एक गोष्ट अशी घडली कीं जी कोणी योजिली नव्हती. रुळांसाठीं ठेवलेला माणूस गांवालाही लाभला. तिकीट तोच देई. तार तोच घेई व पोंचवी. मालधक्क्यावर गुळाची ढेप किंवा बियाण्याचें पोतें उतरलें तर त्याची पावती तोच फाडी. शिवाय त्याच्याजवळ घड्याळ होतें. या घड्याळाविषयीं दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. हिंदुस्थानच्या रेल्वेंनीं १९०५ सालीं, आणि सरकारनें १९०६ च्या आरंभीं, सबंध देशासाठीं एक प्रमाणवेळ स्वीकारली. मुंबईला ती मानवली नाहीं. मुंबईची स्थानिक वेळ या नव्या वेळेच्या ३९ मिनिटें मागें होती, आणि शहरानें ती अभिमानानें थेट १९५५ पर्यंत जपली. म्हणजे फिरोजशहा मेहतांच्या मुंबईंत जी प्रमाणवेळ परकी म्हणून नाकारली जात होती, तीच वेळ पूर्णा-हिंगोली शाखेच्या लहान स्टेशनांत १९१२ पासून मुकाट्यानें टिकटिकत होती, आणि ज्यांच्या दिवसाचे प्रहर सूर्यावर व पाणभरणीवर मोजले जात त्यांना ती आगगाडीची वेळ म्हणून ठाऊक झाली होती. आधुनिक काळ आमच्या खेड्यांत शाळेंतून आला कीं वर्तमानपत्रांतून आला, याची चर्चा विद्वान करितात. तो तिकिटाच्या खिडकींतून डोकावतांना भिंतीवर दिसला, ही शक्यताही त्यांनीं विचारांत घ्यावी.

त्या काळीं खेड्यांतल्या माणसाला सरकार भेटे तें पटवारी, तहसीलदार किंवा पोलिसांचा अमीन या रूपांत. तिघेही कांहीं तरी घ्यावयास येत, आणि त्यांच्या दफ्तराची भाषा उर्दू. स्टेशनमास्तर हा असा अंमलदार कीं तो घेई त्याच्या बदल्यांत लगेच कांहीं देई, आणि भाड्याचा दर छापलेला असे. तिकिटावर नांव लिहिलेलें नसतें. कोणत्या गांवचा, कोणत्या जातीचा, कशासाठीं निघालास, हें विचारण्याचें मास्तराला कारण नव्हतें. सत्तेशीं असा कोरडा, नियमबद्ध, बिनओळखीचा व्यवहार मराठवाड्यांतील कुणब्यानें पहिल्यानें जेथें केला त्या जागांत तिकिटाची खिडकी निःसंशय होती.

परंतु या चित्रांत रंग फार भरूं नयेत. वाघीण मिळविण्यासाठीं व्यापाऱ्याला मास्तराची मर्जी संपादावी लागे, ही गोष्ट सर्व हिंदुस्थानांत प्रसिद्ध होती. फलाटावर ‘हिंदु पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशीं वेगळीं भांडीं असत. आणि याहून कठोर असा एक पुरावा आपल्या महाराष्ट्रांतच आहे. डॉ. आंबेडकरांनीं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत १९०१ सालची हकीकत दिली आहे. ते तेव्हां नऊ-दहा वर्षांचे. भाऊ व बहिणीचे मुलगे यांच्यासह ते साताऱ्याकडून गाडीनें वडिलांना भेटावयास निघाले आणि मसूर या लहान स्टेशनावर उतरले. पत्र वेळेवर न पोंचल्यामुळें न्यावयास कोणी आलें नव्हतें. नीटनेटक्या कपड्यांतील मुलें पाहून मास्तर आपुलकीनें चौकशी करूं लागला. मुलें महार आहेत असें कळतांच त्याचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलींत निघून गेला. गाडीवान मुलांना बैलगाडींत घेईनात. अखेर त्याच मास्तरानें तोड काढली ती ही, कीं मुलांनीं दुप्पट भाडें द्यावें, गाडी स्वतः हांकावी, व गाडीवानानें बाजूनें पायीं चालावें.

ही हकीकत आम्ही मुद्दाम विस्तारानें दिली. मसूरच्या फलाटावर त्या दिवशीं माणूस होता म्हणून तीं मुलें अपमानित झालीं, आणि माणूस होता म्हणूनच तीं तेथें रात्रभर पडून राहिलीं नाहींत. लहान स्टेशनांतल्या माणसाचें मोल करावयाचें तर या दोन्हीं गोष्टी एकदम हिशेबांत घ्याव्या लागतात. माणूस काढून टाकला म्हणजे त्याचा दुष्टपणाही जातो, असें कोणी म्हणेल, जातोही. पण संध्याकाळीं अनोळखी फलाटावर उतरलेल्या मुलाला मग विचारावयासच कोणी राहत नाहीं.

आतां माणूस गेला कसा, हें पाहूं. पहिला घाव खुद्द रेल्वेनेंच घातला. १ एप्रिल १९३० रोजीं निजाम सरकारनें कंपनीकडून रेल्वे विकत घेतली आणि दोनच वर्षांनीं, १९३२ सालीं, त्या रेल्वेच्या रस्ते-वाहतूक खात्यानें २७ मोटारगाड्या रस्त्यावर आणल्या. सरकारी मालकीची प्रवासी मोटार म्हणून हिंदुस्थानांतील ती आरंभीची. हेतु असा कीं मोटारींनीं प्रवासी स्टेशनापर्यंत आणून सोडावेत आणि खासगी मोटारवाल्यांना आळा बसावा. परंतु मोटार एकदां गांवांतून जाऊं लागली म्हणजे ती स्टेशनापाशीं थांबेलच असें नाहीं. संस्थान गेलें, राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाड्याची वाहतूक पुढें महाराष्ट्राच्या एस. टी. महामंडळाकडे आली, आणि एस. टी. ची लाल गाडी शिरड शहापूरच्या माणसाला दारांतून उचलून वसमतेस व नांदेडास नेऊं लागली. मग तो चोंढीपर्यंत पायपीट कशाला करील? लोहमार्ग कापसासाठीं आंखलेला होता. माणसांचीं गांवें त्याच्या वाटेंत आलीं तर आलीं.

मध्यंतरीं या मार्गाला थोडा काळ मोठें वैभव आलें. स्वातंत्र्यानंतर हिंगोली ते खांडवा हा दुवा बांधला गेला व १९६० च्या सुमारास तो पुरा झाला. त्यामुळें राजस्थानांतील मीटर गेज आणि दक्षिणेंतील मीटर गेज हीं जोडलीं गेलीं, आणि जयपूरहून हैदराबादेकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस सरहद्दीपाशीं खुंटलेल्या या शाखेवरून धांवूं लागली. चोंढी-बोल्ड्याच्या रुळांवरून मारवाडांतले प्रवासी जात, पण ते तेथें उतरत नसत. रुळांचें महत्त्व वाढलें म्हणून स्टेशनाचें वाढतें असें नाहीं.

खरा बदल यंत्रांनीं व हिशेबांनीं केला. १९८० नंतरच्या काळांत मालवाहतूक पुऱ्या गाडीच्या हिशेबानें करण्याकडे रेल्वेचा कल वाढला. एखाद-दुसरी वाघीण भरून देण्याची रीत मोडीत निघाली, आणि लहान मालधक्क्यांवर बाभळी उगवल्या. पुढें गेज बदलण्याचें काम आलें. पूर्णा-अकोला मार्ग २००८ सालीं ब्रॉड गेज झाला. गाड्या लांब झाल्या, वेग वाढला, सिग्नल दूरवरून चालविणें शक्य झालें. अशा सुधारणेंत जेथें गाड्यांची अदलाबदल करावयाची नाहीं त्या स्टेशनावर मास्तर ठेवण्याचें कारणच राहत नाहीं, कारण वर सांगितल्याप्रमाणें त्याला ठेवलें होतें तें रुळांसाठीं. तो उठला म्हणजे तार, पार्सल, घड्याळ आणि रात्रीचा दिवा हीं सर्व त्याच्याबरोबर उठतात. त्यांची किंमत कधीं कोणत्याच वहींत जमा नव्हती, म्हणून तीं गेलीं तेव्हां कोठें खर्चही पडलीं नाहींत.

उरलें तिकीट. त्यासाठीं रेल्वेनें हॉल्टचा एजंट निर्माण केला. हा रेल्वेचा नोकर नव्हे. गांवांतलाच एखादा माणूस जवळच्या मोठ्या स्टेशनांतून तिकिटें आणतो, गाडीच्या वेळेस फलाटावर येऊन विकतो आणि विक्रीवर टक्केवारी घेतो. गाडी गेली कीं तो शेताला जातो. वऱ्हाडांत तर याच्याही पुढची पायरी होती. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर यांना जोडणारी जी अरुंद गाडी लोकांना ‘शकुंतला’ या नांवानें प्रिय होती, तिच्या वाटेवरच्या स्टेशनांत खिडकीच उरली नव्हती; गाडीचा गार्डच खालीं उतरून तिकिटें देई आणि मग स्वतःच शिट्टी फुंकी. ही गाडी किलिक-निक्सन या कंपनीच्या कारकीर्दींतली. तिला ओढणारें १९२१ सालचें मँचेस्टरचें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत राबलें. आतां ती गाडीही बंद आहे.

हा प्रकार आपल्या दारिद्र्याचा परिणाम आहे असें समजण्याचें कारण नाहीं. ज्या देशाची आगगाडी जगांत सर्वांत वक्तशीर म्हणून वाखाणली जाते त्या जपानांत आज सुमारें निम्मीं स्टेशनें विनामाणसाचीं आहेत. त्यांना तेथें ‘मुजिन-एकि’, म्हणजे निर्मनुष्य स्टेशन, असेंच म्हणतात. तेथील राष्ट्रीय रेल्वे कर्जांत बुडाल्यावर १९८० सालीं कायदा होऊन ८३ तोट्याचे मार्ग निवडण्यांत आले, आणि १९८७ सालीं ती रेल्वे मोडून निरनिराळ्या कंपन्यांत वांटण्यांत आली. खेड्यांतील तरुण शहरांत गेले, गांवें म्हातारीं झालीं, आणि स्टेशनांतला मास्तर निघाला. अशा मार्गावर गाडीचा चालक हाच सर्व कांहीं असतो. चढतांना प्रवाशानें यंत्रांतून आंकड्याची चिठ्ठी घ्यावी, उतरतांना ती पाहून भाडें चालकाजवळच्या पेटींत टाकावें, आणि पुढच्या दारानें खालीं उतरावें. फलाटावर एक छप्पर, एक बांक आणि वेळापत्रक. गांवकरी पाळीपाळीनें झाडलोट करितात. कित्येक ठिकाणीं बांकावर एक वही ठेवलेली असते, तींत येणारा-जाणारा चार ओळी लिहून जातो.

या वहीचें आम्हांस विशेष वाटतें. जेथें ऐकणारा नाहीं तेथें माणसें कागदाला सांगूं लागतात. आणि याहूनही एक विचित्र गोष्ट जपानांत घडली. वाकायामा प्रांतांतील किशि या स्टेशनावरचा माणूस २००६ सालीं काढण्यांत आला. स्टेशनाशेजारच्या दुकानदारणीची तामा नांवाची एक मांजर फलाटाच्या आसपास वावरे. कंपनीनें जानेवारी २००७ मध्यें तिलाच स्टेशनमास्तर नेमलें व डोक्यावर टोपी चढविली. ती पाहावयास देशोदेशींचे लोक येऊं लागले, डबघाईला आलेला मार्ग तगला, आणि २०१५ सालीं ती वारली तेव्हां तिची अंत्ययात्रा मोठ्या थाटानें निघाली. आमच्या वाचकांपैकीं कोणी हंसतील. आम्हांसही प्रथम हंसूं आलें. पण पगार वांचावा म्हणून माणूस काढला आणि स्टेशनाला कोणी तरी हवें म्हणून मांजर बसविली, यांतील कबुली साधी नाहीं.

जपानांतच आमच्या हॉल्ट एजंटाशीं जुळणारी व्यवस्थाही आहे. तिकिटें विकण्याचें काम गांवांतल्या दुकानदाराकडे सोंपवितात. चिबा प्रांतांतील एमि या स्टेशनांत २०२० सालीं टपालकचेरीच नेऊन बसविली आणि टपालाचे कारकूनच तिकिटें देऊं लागले. ही युक्ति आम्हांस फार आवडली. आपल्या खेड्यांतील पोस्ट एका खोलींत आणि मोकळी पडलेली स्टेशनाची इमारत दुसरीकडे, असें दृश्य येथें दुर्मिळ नाहीं. परंतु सर्व कांहीं युक्तीनें भागत नाहीं. त्याच वर्षीं ओइता येथें चाकाच्या खुर्चींतून वावरणाऱ्या कांहीं अपंग नागरिकांनीं क्युशूच्या रेल्वे कंपनीवर दावा लावला. त्यांचें म्हणणें असें कीं फलाट आणि गाडी यांच्यामधील फट ओलांडून देणारा माणूस तुम्ही काढलात, म्हणजे आमचें जाणें-येणेंच काढून घेतलेंत. धडधाकट माणसाला विनामाणसाचें स्टेशन ही एक गैरसोय आहे. आंधळ्याला, लंगड्याला, रात्रीं एकट्या उतरलेल्या बाईला तें स्टेशन नसल्यासारखेंच आहे.

आमच्या देशांतील दोन उदाहरणें या संदर्भांत सांगतों. राजस्थानांत सीकर-चुरू मार्गावर रशीदपुरा खोरी नांवाचें स्टेशन आहे. उत्पन्न नाहीं म्हणून रेल्वेनें २००५ सालीं तें बंद केलें. गांवकऱ्यांनीं पाठपुरावा केला. ठराविक रकमेचीं तिकिटें विकून दाखवा अशी अट रेल्वेनें घातली. त्यांनीं ती मान्य केली आणि २००९ सालीं गाडी पुन्हां थांबूं लागली. तिकिटें विकणें, झाडलोट करणें, पाणी भरणें हें सर्व गांवानें आपल्या अंगावर घेतलें. दुसरें उदाहरण बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यांतल्या बेगुनकोदर स्टेशनाचें. तेथें १९६७ सालीं पांढऱ्या लुगड्यांतलें भूत दिसलें अशी वदंता उठली, कर्मचारी तेथें राहीनात, आणि तेवढ्यावरून तें स्टेशन सुमारें ४२ वर्षें बंद राहिलें. २००९ सालीं तें हॉल्ट म्हणून उघडलें. तिकिटें आतां खासगी माणूस विकतो आणि संध्याकाळपूर्वीं निघून जातो असें सांगतात. पहिल्या गांवाला रेल्वेचा माणूस परत मिळाला नाहीं, फक्त त्याचें काम मिळालें. दुसऱ्या ठिकाणीं माणूस आपण होऊन पळाला, आणि गांवानें साडेतीन तपें गाडी धांवत जातांना पाहिली.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून आमची या बाबतींत एक स्वार्थी तक्रारही आहे. माणूस असलेलें स्टेशन लिहीत असे. कोणती गाडी किती मिनिटें उशिरा आली, लाइन क्लिअर केव्हां मागितली व केव्हां मिळाली, किती तिकिटें कोठचीं खपलीं, मालधक्क्यावर किती गठ्ठे चढले, हें सर्व रोजच्या रोज वह्यांत उतरे. कोरड्या वह्या, पण एखाद्या दुष्काळांत कोणत्या स्टेशनावरून मुंबईचीं वा नांदेडचीं तिकिटें एकाएकीं वाढलीं, हें त्या वह्यांनीं तहसीलदाराच्या अहवालाच्या कितीतरी आधीं सांगितलें असतें. चोंढी-बोल्ड्यासारख्या स्टेशनांतून गेलेल्या मजुरांचा, यात्रेकरूंचा, माहेरवाशिणींचा दुसरा कोठला हिशेब आपल्याजवळ आहे? मोबाइलवर काढलेलें तिकीट दूरच्या यंत्रांत नोंदलें जातें खरें. मात्र गाडी दोन तास आली नाहीं तेव्हां फलाटावर कोण बसून होतें, तें त्यांत नसतें.

मनमाड-हैदराबाद मार्गावरील मीटर गेजचे रूळ गेल्या शतकाच्या अखेरीपासून उखडले गेले, हिंगोली शाखेवरचे २००८ पर्यंत. अकोल्यापलीकडे खांडव्याकडे जाणारा दुवा मेळघाटच्या वाघांपायीं वादांत सांपडला. वेताचें कडें ज्यांनीं हातांत धरलें, ते पोर्टर व सांधेवाले अजून पूर्णा, वसमत, हिंगोली येथें भेटतील. त्यांतले वडीलधारे आतां ऐंशीच्या घरांत असावयाचे. हिंगोली हा १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. तेथील महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीं उन्हाळ्याच्या सुटींत वही घेऊन पूर्ण्यापासून एकेक स्टेशन उतरत जावें, आणि प्रत्येक ठिकाणीं पहिला प्रश्न हा विचारावा कीं येथला शेवटचा मास्तर कोणत्या सालीं गेला, आणि तो गेल्यावर स्टेशनाचें घड्याळ कोणी नेलें.